लग्नाच्या सीडीबद्दल फिरणारा तो मेसेज चुकीचा आहे

गेल्या महिन्यात नातेवाइकांच्या दोन ग्रुपवर एकच मेसेज आला. मजकूर थोडक्यात असा: जुन्या लग्नाच्या सीडी-डीव्हीडी मोफत सॉफ्टवेअरने कन्व्हर्ट करू नका. क्वालिटी जाते. एमपी४ फाइल लहान होते, म्हणजे चित्रातलं काहीतरी कापलं जातं. मोफत म्हणजे व्हायरस. व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरवर तर भारतात बंदी आहे. विकतचं सॉफ्टवेअर घ्या, ते व्हीसीडीसुद्धा (व्हिडिओ असलेली जुनी सीडी) ४के करून देतं.

हा मेसेज वाचून माझ्या मावशीने सीडी परत कपाटात ठेवून दिल्या. घरी लिहिलेल्या सीडी वर्षानुवर्षं पडून राहिल्या की वाचेनाशा होतात, त्यामुळे ही भीती निरुपद्रवी नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

क्वालिटी जाते, हे अर्धं खरं आहे. व्हिडिओ नव्याने एन्कोड केला, म्हणजे पुन्हा दाबून साठवला, की थोडा तपशील जातोच, पण तो विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही जातो. एफएफएमपेग हा व्हिडिओ कन्व्हर्ट करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरचा प्रकल्प फाब्रिस बेलार्ड यांनी २००० साली सुरू केला. हँडब्रेक हे मोफत कन्व्हर्टर त्याच्या आधारावर चालतं, आणि पैसे घेणाऱ्या बऱ्याच कन्व्हर्टरच्या पोटातही तेच असतं. फरक पडतो तो तुम्ही काय निवडता त्याने. हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ची पट्टी असते. तिच्यावरचा आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डीव्हीडीसाठी १८ ते २२ मध्ये ठेवा. घाईत ३० वर सोडली आणि चेहरे धुरकट आले, तर तो सॉफ्टवेअरचा दोष नव्हे.

व्हिडिओ आधीच कॉम्प्युटरवर फाइल म्हणून असेल, तर कित्येकदा एन्कोड करायची गरजच नसते. एमकेव्ही आणि एमपी४ हे नुसते डबे आहेत, आतला माल, म्हणजे दाबलेला व्हिडिओ, बहुधा दोन्हीकडे एच.२६४ या एकाच पद्धतीचा असतो. टीव्ही एमकेव्ही घेत नसेल तर एफएफएमपेगला ‘कॉपी’ सांगायचं, की तो माल जसाच्या तसा दुसऱ्या डब्यात जातो. तासाभराच्या फाइलला मिनिटभरही लागत नाही आणि चित्राचा एक ठिपकाही बदलत नाही. हँडब्रेक मात्र व्हिडिओ प्रत्येक वेळी नव्याने एन्कोड करतं, त्यामुळे या कामाला ते वापरू नका.

मग ‘मोफत सॉफ्टवेअरने चित्रावर रेघा आल्या’ ही तक्रार कुठून येते? मी स्वतः पहिल्यांदा डीव्हीडी कन्व्हर्ट केली तेव्हा हाच प्रकार झाला. वरात नाचायला लागली की हातापायांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा. मी दोन दिवस सॉफ्टवेअरला बोल लावत होतो. प्रत्यक्षात त्या रेघा मूळ चित्रीकरणातल्याच होत्या. आपल्याकडची टीव्हीची जुनी पद्धत पाल. तिच्यात सेकंदाला ५० अर्धी चित्रं टिपली जायची, एकदा विषम ओळी आणि एकदा सम. जुना डबा टीव्ही ती एकामागून एक दाखवायचा, म्हणून डोळ्यांना काही खटकत नसे. कॉम्प्युटरचा पडदा दोन्ही अर्धी एकदम दाखवतो आणि मधल्या काळात हललेला हात दोन ठिकाणी दिसतो. हँडब्रेकच्या ‘फिल्टर्स’ टॅबमध्ये ‘डीइंटरलेस’ निवडा, रेघा जातात. हे न करता चित्राचा आकार बदललात तर त्या रेघा चित्रात कायमच्या मुरतात, आणि मग काढणं फार अवघड. म्हणून आधी दोन मिनिटांचा नाचाचा तुकडा करून बघा, मग पूर्ण डीव्हीडी लावा.

फाइल लहान होते, कारण डीव्हीडीवरचं एमपीईजी-२ हे नव्वदच्या दशकातलं तंत्र आहे आणि एच.२६४ आलं २००३ मध्ये. तितक्याच चांगल्या चित्राला नव्या तंत्रात बरीच कमी जागा लागते.

व्हायरसचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. मे २०१७ मध्ये हँडब्रेकच्याच एका डाउनलोड सर्व्हरवर मॅकसाठीची फाइल बदलून तिथे घातक प्रोग्राम ठेवला गेला होता, आणि तो चार-पाच दिवस तसाच राहिला. प्रकल्पाने स्वतःच ते जाहीर केलं आणि फाइल कशी तपासायची तेही सांगितलं. तेव्हा धोका आहे, पण तो ‘मोफत’ या शब्दात नाही. भलत्या साइटवरच्या मोठ्या हिरव्या डाउनलोड बटणात तो जास्त आहे. हँडब्रेकसाठी हँडब्रेक डॉट एफआर आणि व्हीएलसीसाठी ते बनवणाऱ्या संस्थेची व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग, या दोन पत्त्यांवरूनच उतरवा. फाइल अपलोड करून घेणाऱ्या ऑनलाइन कन्व्हर्टरपासूनही लांब राहा. घरातल्या लग्नाचा व्हिडिओ अनोळखी सर्व्हरवर कशाला पाठवायचा?

व्हीएलसीवर बंदी? २०२२ मध्ये व्हिडिओलॅनची वेबसाइट भारतात काही महिने बंद होती, हे खरं. संस्थेने सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये साइट पुन्हा खुली झाली. आज ती उघडते.

राहिलं ४के. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, ४के म्हणजे ३८४० बाय २१६०. सुमारे ८२ पट ठिपके, आणि ते मूळ सीडीत नाहीतच. साधं सॉफ्टवेअर आहेत ते ठिपके ताणतं, एआयवालं अंदाजाने नवे भरतं. माझ्या एका नातेवाइकांनी पैसे मोजून असं करून घेतलं. पडदा लखलखीत दिसत होता, पण अक्षता टाकणाऱ्या आजीचे डोळे आणि दात कुणा दुसऱ्याच बाईचे होते. सुदैवाने मूळ सीडी त्यांनी टाकली नव्हती. तिच्यावरची मूळ व्हिडिओची डॅट फाइल आम्ही जशीच्या तशी उतरवून घेतली. त्या छोट्या, अंधुक चौकटीत आजी ओळखू येते.