जेवताना पाणी ‘विष’, घासाला बत्तीस चावे : फिरत्या मेसेजला एक उत्तर

हा मेसेज मी जेवताना वाचला, हे आधीच कबूल करतो. एका हातात ज्वारीची भाकरी, दुसऱ्या हातात मोबाइल. वर ठळक अक्षरांत ‘लक्षपूर्वक जेवा, दवाखाना विसरा’. तो खालपर्यंत वाचेस्तोवर दुसरी भाकरी कधी संपली आणि पुंडीच्या (अंबाडीच्या) भाजीत मीठ कमी होतं की जास्त, हे मला सांगता आलं नसतं.

मेसेज आला खानापूरहून, नात्यातल्या ग्रुपवर. दोन दिवसांनी तोच कन्नडमध्ये गल्लीच्या ग्रुपवर आला. आठवड्याभरात निपाणीच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पाठवून विचारलं, “सर, हे खरं आहे का?” आमच्या बेळगाव भागात दुकानाच्या पाटीच्या भाषेवरून रामायण होतं, पण या मजकुराला कुणी कुठं अडवलं नाही. मी बरीच वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, त्यामुळं असले प्रश्न माझ्याकडं येतात. त्याला फोनवर दिलेलं उत्तर इथं जरा सविस्तर लिहितो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. प्रत्येक घास ३२ वेळा चावा. जेवताना आणि जेवल्यावर पाऊण तास पाणी पिऊ नका, ते विष आहे. गार पाण्यानं पोटातलं तेल गोठतं आणि त्यातून कॅन्सर होतो. जेवणासोबत खाल्लेलं फळ पोटात कुजतं. सूर्यास्तानंतरचं अन्न पचत नाही, सडतं. तिखटानं जठराला भोकं पडतात. जेवताना तोंडातून शब्द काढू नका. आणि हे सगळं पाळलं तर ‘बीपी-शुगरच्या गोळ्या तीन महिन्यांत बंद’.

बत्तीस चावे. दात बत्तीस म्हणून चावे बत्तीस, एवढाच या आकड्याचा आधार दिसतो. एकोणिसाव्या शतकातले ब्रिटनचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या नावावर ही शिकवण सांगितली जाते. पुढं अमेरिकेत होरेस फ्लेचर (१८४९–१९१९) नावाच्या गृहस्थानं तर चावण्याचा पंथच काढला. अन्नाचं तोंडात पार पाणी व्हायला हवं, इतकंच नव्हे तर पातळ पदार्थसुद्धा चावावेत, असं तो सांगे. पंथ विरला, आकडा मात्र उरला.

नीट चावावं, यात वाद नाही. लाळेतल्या अमायलेज या पाचक द्रव्यामुळं पिठूळ पदार्थांचं पचन तोंडातच सुरू होतं आणि बारीक झालेल्या अन्नावर पुढचे रस लवकर काम करतात. त्याहून मोठा फायदा वेळेचा आहे. जठर ताणलं गेल्याचा निरोप व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून आणि आतड्यांतून सुटणाऱ्या हार्मोन्समधून मेंदूला जातो. पोट भरल्याची पुरती जाणीव व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. भसाभस जेवणारा तेवढ्यात दोन वाट्या भात जास्त खाऊन मोकळा होतो.

पण मोजायचं कशासाठी? समजा जेवणात ६० घास आहेत. ६० गुणिले ३२ म्हणजे १९२० चावे. सेकंदाला एक धरला तर नुसतं चावायलाच ३२ मिनिटं. उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणाऱ्याला जेवायची सुट्टी अर्ध्या तासाची मिळते. त्यातच हात धुवायचे, डबा उघडायचा. त्यानं काय करावं? शिवाय घास घास वेगळा. अंबील बत्तीस वेळा कशी चावणार, आणि कालची कडक भाकरी बत्तीसात होईलच असं कुणी सांगितलं? आकडा मोजत जेवणाऱ्याचं लक्ष आकड्यात असतं, भाकरीत नसतं. आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा मोडायचा नाही, एवढं धरून ठेवलं तरी पुरे.

आता पाणी. यावर जास्त लिहितो, कारण मेसेजातला सगळ्यात जास्त पाळला जाणारा आणि सगळ्यात पोकळ मुद्दा हाच. पाण्यानं जठराग्नी विझतो, आम्ल पातळ होतं, असं म्हणतात. ऐकायला पटतं, कारण चुलीवर पाणी ओतलं की चूल विझते हे सगळ्यांनी पाहिलंय. पण जठर चूल नव्हे. जठराच्या भिंतीतून दिवसाला साधारण दोन लिटर पाचक रस झरतो. तो टाकीत भरून ठेवलेला नसतो, अन्न येईल तसा गरजेप्रमाणं सुटतो. आम्लता मोजायची पीएचची पट्टीही आपल्या फूटपट्टीसारखी नाही. तिच्यावर एक अंक सरकायला आम्ल दहापट पातळ व्हावं लागतं. जठरात जेवढा रस तेवढंच पाणी ओतलं, तरी अंक जेमतेम ०.३ नं हलतो. त्याहून मोठा फरक खुद्द जेवणच पाडतं, कारण डाळीतली, दह्यातली प्रथिनं आम्लाचा जोर काही वेळ मोडतात. मग जठर आणखी आम्ल सोडतं आणि गाडी रुळावर येते. पाणी तर तिथं रेंगाळतही नाही. घट्ट अन्न जठरात दोन-चार तास राहतं, पाणी त्याच्या बरंच आधी पुढं सरकतं.

आणि कोरडं जेवण म्हणजे नेमकं कुठलं? येळ्ळूर-वडगावच्या शिवारातला तांदूळ शिजवला की भाताच्या वजनातलं दोन तृतीयांश पाणीच असतं. त्यावर आमटी, शेवटी ताकभात. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्यातले स्राव धरले तर शरीर स्वतःच रोज सात लिटरच्या आसपास द्रव अन्नमार्गात ओततं आणि त्यातला बहुतेक परत शोषून घेतं. तिथं तुमच्या एका फुलपात्राचा काय पाड!

मेसेजात याला शास्त्राधार म्हणून ‘भोजनान्ते विषप्रदम्’ एवढंच छापलंय. हे चाणक्यनीतीतलं, आणि त्याच ओळीचा आधीचा अर्धा भाग आहे ‘भोजने चामृतं वारि’. म्हणजे जेवताना पाणी अमृत! ओळ मधोमध कापली आणि अमृत नेमकं कात्रीच्या पलीकडं राहिलं. वाग्भटाचा अष्टांगहृदय हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथही हेच सांगतो. जेवणाच्या मध्ये पाणी पिणारा सम राहतो, शेवटी पिणारा स्थूल होतो, आधी पिणारा कृश. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पातळ पदार्थाला आणि एक वाऱ्यासाठी मोकळा ठेवावा, हेही तिथलंच. जुनं लिहिलंय म्हणून ते सगळं आजच्या कसोटीला उतरतं असं माझं म्हणणं नाही. पण ज्यांच्या नावानं बंदी घातली, त्यांनी जेवतानाच्या पाण्यावर ती घातलेलीच नाही, एवढं तरी दिसतं.

छातीत जळजळ होणाऱ्यानं एका दमात लोटाभर पाणी ढोसू नये, त्यानं पोट तटतटतं. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर ते पाळायचं. बाकीच्यांनी तहान लागली की घोट घ्यावा. भाकरी-चटणी खाणाऱ्या भागात जेवताना पाणी बंद करायला सांगणारा माणूस भाकरी खात नसावा, अशी मला शंका आहे.

गार पाण्यानं तेल गोठतं, हा मुद्दा दोन ओळींत संपतो. शरीर ३७ अंशांवर असतं, गार पाणी पोटात गेलं की काही मिनिटांत कोमट होतं. स्निग्ध पदार्थ पचतात ते मुख्यतः लहान आतड्यात, पित्त आणि लायपेज या पाचक द्रव्याच्या मदतीनं. ताटात गोठलेलं तूप पाहून पोटाची कल्पना केलेली आहे. कॅन्सरचा तर यात काही संबंधच नाही. फळाचंही तसंच. जठरातल्या तीव्र आम्लात कुजवणाऱ्या जंतूंचं फारसं काही चालत नाही, जेवणासोबत केळं खाल्लं तर ते जेवणासोबतच पचतं. चोथ्याचं आंबणं होतं ते मोठ्या आतड्यात. ते रोज होतं, सगळ्यांच्यात होतं आणि उपकारकच असतं.

सूर्यास्ताचा मुद्दा जरा जपून हाताळावा लागतो. चिकोडी-निपाणीकडं दिवस मावळायच्या आत जेवणारी जैन घरं मी लहानपणापासून पाहतोय. त्यांचा तो धर्माचरणाचा नेम आहे, त्याला माझ्या प्रतिवादाची गरज नाही. मेसेजनं मात्र त्याला खोट्या विज्ञानाचं लेबल चिकटवलंय. रात्री पचन काहीसं मंदावतं, हे खरं. पण अन्न सडत नाही. रात्रीच्या जेवणातली खरी अडचण जेवून लगेच आडवं होण्यात आहे. आडवं झालं की जठरातलं आम्ल अन्ननलिकेत चढतं. म्हणून जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं, जळजळ असेल तर पलंगाची उशाकडची बाजू उचलून घ्यावी, डाव्या कुशीवर झोपावं. डाव्या कुशीचा सल्ला अशा मेसेजांतून नेहमी फिरतो, आणि तो बरोबर आहे. श्रेय द्यायला हवं.

पण डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधार पडतो. सेकंड शिफ्ट करणारा कामगार, वडगाव-खासबागेतला मागावरचा विणकर, बाजार उरकून शेवटच्या बसनं गावाकडं जाणारी भाजीवाली, यांना सहाला जेवा म्हणणं म्हणजे मनातले मांडे खा म्हणण्यासारखं आहे. त्यांनी संध्याकाळच्या सुट्टीत डब्यातलं मुख्य जेवण करावं आणि घरी गेल्यावर ताकभातावर भागवावं. हे जमण्यासारखं आहे.

तिखटाबद्दल मला विशेष बोलायचंय, कारण संकेश्वरी मिरचीची इज्जत आहे. जठरात अल्सर (व्रण) होतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जिवाणूमुळं किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापरामुळं. ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली हा जिवाणू वेगळा करून वाढवला. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जिवाणूंचा द्राव स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. जिवाणूमुळं झालेला अल्सर अँटिबायोटिकनं बरा होतो. तिखटानं आधीच झालेली जळजळ वाढू शकते, ज्याला सोसत नाही त्यानं कमी खावं. पण दिवसभर विड्या वळून पाठ धरली की मेडिकलमधून परस्पर गोळी आणून उपाशीपोटी घेणारी बाई चटणी सोडते आणि गोळी चालू ठेवते, तेव्हा या मेसेजनं तिचं नुकसानच केलेलं असतं. तंबाखू-विडीनं अल्सर भरून यायला वेळ लागतो, हेही मेसेजात कुठं नाही.

जेवताना बोलू नका, यात अर्धं तथ्य आहे. चरकसंहितेत ‘अजल्पन् अहसन् तन्मना भुञ्जीत’ असं आहेच, न बोलता, न हसता, मन लावून जेवावं. घास तोंडात असताना बोलू नये, ठसका लागतो. पण ‘तन्मना’ हा त्यातला कळीचा शब्द, आणि आता शहरातले लोक त्यालाच माइंडफुल ईटिंग म्हणून शिबिरं घेतात. पचनाची सुरुवात मन लागण्यापासून होते, हे पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञानं कुत्र्यांवर दाखवलं. अन्न पाहून, हुंगूनच जठररस सुटायला लागतो. त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनाच्या कामासाठी, घंटा वाजवून कुत्र्याला लाळ आणण्याच्या प्रसिद्ध प्रयोगासाठी नव्हे. आणखी एक गोष्ट वर्गात मुलांना फार आवडायची. १८२२ मध्ये उत्तर अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या माणसाला पोटात बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठराचं भोक बुजलंच नाही. विल्यम ब्यूमाँट या डॉक्टरनं त्या भोकातून वर्षानुवर्षं पचन डोळ्यांनी पाहिलं. गडी संतापला की पचनात बिघाड होतो, हेही त्यानं टिपून ठेवलं.

त्यामुळं घरात बंद करायचं तर ताटावरचं भांडण बंद करा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. स्क्रीन बघत जेवलं की जास्त खाल्लं जातं, आणि काय खाल्लं ते आठवत नसल्यामुळं पुढच्या वेळीही जास्त जातं. आमच्याकडं रस्त्यात भेटलेला माणूस आधी “ऊटा आतेन्री?” (जेवण झालं का?) असं कन्नडमध्ये विचारतो, मग कामाचं बोलतो. अशा मुलखात जेवणं ही एकट्यानं तोंड मिटून करायची गोष्ट कधीच नव्हती. पंगतीत गप्पा मारणाऱ्याचा हात आपसूकच सावकाश चालतो.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि हे सगळं लिहायला बसलो तो त्याच्यासाठी. खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मामीनं बीपी आणि शुगरच्या गोळ्या दीड महिना बंद ठेवल्या. कुणाला बोलली नाही. बाकीचे नियम मात्र कडक पाळले, चावे मोजले, पाणी तोडलं, पाच वाजता जेवली. एक दिवस परसात चक्कर येऊन बसली, तेव्हा तिला बेळगावला आणलं. शुगर आणि बीपी दोन्ही चढलेलं होतं. गोळ्यांची पाकिटं डब्यात जशीच्या तशी निघाली.

सावकाश, भुकेपुरतं जेवल्यानं वजन उतरायला मदत होते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर रक्तातली साखर कमी चढते. यातून एखाद्याची गोळी पुढं कमी होऊही शकते, पण ती रक्त तपासून, बीपी मोजून डॉक्टर कमी करतात. मोबाइल नाही करत. आणि शौचाला डांबरासारखं काळं होणं, घास गिळताना अडकणं, काही न करता वजन घटणं, उलटीत रक्त दिसणं, यातलं काही असेल तर चावण्या-बिवण्याच्या नादी न लागता थेट दवाखाना गाठायचा.

मामी आता बरी आहे. परवा तिच्याकडं जेवायला बसलो. भाकरीचा तुकडा घशाशी अडकला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हात तांब्याकडं जाईना. मी तिला श्लोकाचा कापलेला भाग म्हणून दाखवला, अर्थ सांगितला.

“म्हणजे अर्धाच पाठवला व्हय गा त्येनं?” म्हणाली, आणि भांडं तोंडाला लावलं.