चप्पल कुणी केली?

2025 च्या जूनमध्ये प्राडा या महागड्या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नावही न घेता. महाराष्ट्रात उसळलेला संताप मी योकोहामात बसून वाचत होतो. राग रास्त होता. प्राडाने नंतर चपलेच्या घडणीचं मूळ भारतातलं असल्याचं मान्य केलं, डिसेंबरात महाराष्ट्राचं चर्मोद्योग महामंडळ लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकार यांच्याशी अशा चपला इथे बनवून घेण्याचा करारही झाला. पण गदारोळात मागणी होती ती गावाच्या नावाची. चप्पल करणाऱ्याचं नाव फारसं कुणी मागितलं नाही, आणि मला ते खटकतं.

जपानमध्ये 1930 साली थोडा असाच प्रसंग आला होता. नामिकी, म्हणजे आजची पायलट कंपनी, एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, फाउंटन पेनांवर उरुशी लाखेची नक्षी करायची. लंडनच्या डनहिल या चैनीच्या वस्तूंच्या कंपनीने ती पेनं परदेशात विकायचा करार केला. पेनावर डनहिल-नामिकी अशी दोन्ही नावं आली. शिवाय नक्षीकाराची कुंचल्याने केलेली सहीही. पुढच्याच वर्षी लाखेचे कलाकार गोनरोकु मात्सुदा यांच्या पुढाकाराने या नक्षीकारांचा कोक्कोकाई हा गट उभा राहिला. मात्सुदांना 1955 मध्ये सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. आजही जुन्या पेनाचे शौकीन आधी सही कुणाची ते बघतात.

त्या सहीमागचे कष्ट मोठे आहेत. उरुशी हा झाडाचा चीक. कच्चा अंगाला लागला तर पुरळ उठतं, आणि तो घट्ट होतो तो दमट हवेत. म्हणून प्रत्येक थर दिला की पेन दमट कपाटात ठेवायचं, मग कोळशाने घासायचं. ओल्या लाखेने चित्र काढून त्यावर नळीतून सोन्याची पूड शिंपायची, वर पुन्हा लाख, पुन्हा घासणं. एका पेनाला महिने जातात.

आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरड्यात कातडं कमावणं, तळ शिवणं, वेणी घालणं काय कमी कसबाचं आहे? पण ज्यांनी ते केलं त्यांना आपण गावाबाहेर ठेवलं आणि चप्पल मात्र कोल्हापूरची शान म्हणून मिरवली. जपानही इथे धुतल्या तांदळासारखा नाही: लाखेच्या कारागिराला मान मिळाला, कातडी कमावणाऱ्यांच्या, बुराकु म्हणवल्या जाणाऱ्या वस्त्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कारच आला.

2019 च्या जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदणीने कोल्हापुरी हे नाव वापरायचा महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना हक्क दिला. लिडकॉमने आता चपलेच्या चिठ्ठीवर क्यूआर कोड आणलाय, त्यात कारागिराची किंवा बचत गटाची माहिती मिळते. चांगलं पाऊल आहे, पण चिठ्ठी फाटते आणि कोड कुणी स्कॅन करेलच असं नाही. प्राडाच्या जोडाची किंमत आठशे युरोंच्या घरात असेल, असं डिसेंबर 2025 मध्ये सांगितलं गेलं. त्याच्या तळाच्या चामड्यातच करणाऱ्याचं नाव ठोकलेलं हवं, आणि वेणी बहुतेक घरातल्या बायका घालतात, तेव्हा त्या बाईचंही. पुढच्या करारात आपल्या सरकारने ही अट घालावी.