गाडी साहेबांची

आमची गाडी आम्ही वापरलेली घेतली. कागदपत्रं माझ्या नावावर झाली, विमा माझ्या नावावर झाला, चारही टायर मी माझ्या पैशाने बदलले. पण गाडीने मला अजून मालक मानलेलं नाही. किल्ली फिरवली की समोरच्या स्क्रीनवर निळी अक्षरं उमटतात : 'सर्चिंग फॉर साहेब'.

साहेब म्हणजे आधीच्या मालकांचा फोन. हे नाव त्यांनी स्वतः दिलं होतं की घरातल्या कुणी खोचकपणे, देव जाणे. गाडी रोज सकाळी अर्धा मिनिट साहेबांना हाका मारते. साहेब येत नाहीत. मग टुंग असा एक हिरमुसलेला आवाज करून ती नाइलाजाने माझ्या फोनकडे वळते. मी या गाडीचा सावत्र मालक आहे.

साहेब गेले, पण त्यांचा गोतावळा मागे राहिला. फोन पहिल्यांदा जोडताना 'कॉन्टॅक्ट्स देऊ का?' असं एक वाक्य येतं आणि आपण घाईत 'हो' दाबतो, तेव्हा आपलं सगळं फोनबुक गाडी उतरवून घेते. शहाण्या गाड्या फोन दूर गेला की ती यादी झाकून ठेवतात. आमची झाकत नाही. त्यामुळे साहेबांच्या आयुष्यातले 'दातवाले डॉक्टर', 'वरचा मजला कटकट', 'उचलू नये १' आणि 'उचलू नये २' माझ्या परिचयाचे झाले आहेत. 'उचलू नये ३' नाही, याचं मला साहेबांसाठी बरं वाटतं.

मग साहेबांना काढून का टाकत नाही? काढायला गेलो होतो. सेटिंग, मग कनेक्शन, मग उपकरणं, मग आणखी एक पडदा, आणि तिथे गाडी एकच पर्याय देते : 'सगळी उपकरणं विसरायची?' सगळी! म्हणजे साहेबांबरोबर मीही. जो फोन जोडायला मला एक अख्खा रविवार लागला, तो परत जोडायचा या विचाराने माझा हात मागे आला. साहेब राहिले.

त्या रविवारची हकिगत सांगायलाच हवी. फोनमध्ये ब्लूटूथ चालू केलं तर आजूबाजूच्या जगाची यादी आली. कुणाचा तरी टीव्ही, कुणाचं घड्याळ, कुणाचे कानातले, आणि नुसतेच आकडे नि अक्षरं असलेली अकरा अज्ञात यंत्रं. दोन फुटांवरची माझी गाडी सोडून सगळे हजर. गाडीच्या स्क्रीनवर पाहावं तर तिथेही तेच. 'उपकरण सापडले नाही'. गाडी फोनला शोधतेय, फोन गाडीला शोधतोय आणि दोघांच्या मधोमध मी बसलोय.

मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, फॉरगेट करून परत पेअर कर."

"अगं, अजून ओळखच झाली नाहीये, तर विसरू काय?"

शेवटी दोन्ही पडद्यांवर सहा आकडे आले. ते जुळतात का ते बघायचं आणि दोन्हीकडे 'हो' दाबायचं. ही पद्धत ब्लूटूथच्या २००७ सालच्या आवृत्तीपासून आली. त्याआधी ०००० किंवा १२३४ असा पिन टाकावा लागायचा, म्हणजे जगातल्या निम्म्या यंत्रांना एकच किल्ली लागत होती. मी चष्मा कपाळावरून नाकावर आणेपर्यंत गाडीने वाट पाहून आकडे काढून घेतले. दुसऱ्या वेळी मी फोनवर 'हो' दाबलं आणि गाडीवर दाबायला गेलो तर बोट घसरून 'नाही'वर पडलं. तिसऱ्या वेळी मुलीने माझ्या हातातून फोन काढून घेतला, टक टक केलं आणि म्हणाली, "झालं." इतक्या वेळात ती खिडकीबाहेरच बघत होती.

गंमत म्हणजे हे तंत्र मुळात बावळट नाही. ब्लूटूथची दोन यंत्रं एकमेकांशी बोलताना ७९ वारंवारतांच्या कप्प्यांमध्ये सेकंदाला १६०० पर्यंत उड्या मारतात, आणि तीही दोघं मिळून, एकाच क्षणी एकाच कप्प्यात. हेतू हा की वाय-फाय, मायक्रोवेव्ह वगैरे जी मंडळी त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात दंगा करतात, त्यांच्या पायात पाय येऊ नये. सेकंदाला सोळाशे वेळा लपंडाव खेळून न चुकणारी ही दोघं पहिल्या भेटीत मात्र एकमेकांकडे बघूनही न बघितल्यासारखं करतात. आपल्याकडची लग्न ठरवायची बैठक आठवते.

नावही तसंच. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला. त्याचं टोपणनाव निळा दात. विखुरलेल्या लोकांना त्याने एका राज्याखाली आणलं, म्हणून यंत्रांना एकत्र आणणाऱ्या या तंत्राला त्याचं नाव द्यावं असं इंटेलच्या जिम कार्डॅक यांनी सुचवलं. १९९८ साली एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी गट स्थापन केला, तोवर हे नाव कामापुरतंच होतं. खरं नाव मागाहून ठरणार होतं. ते राहूनच गेलं. बारसं लांबलं की बाळाचा 'बंड्या' कायमचा होतो, तसा हा निळा दात. चिन्हातसुद्धा राजाच्या नावाची दोन आद्याक्षरं जुन्या रून लिपीत एकमेकांवर ठेवली आहेत. एवढं एकीचं कौतुक, आणि आमच्या घरातले सगळ्यात कडाक्याचे वाद 'गाडीला कुणाचा फोन लावायचा' यावरून होतात.

बरं, जोडला. आता सुख? छे. फोन जोडला गेल्याच्या आनंदात गाडी आपणहून काहीतरी वाजवायला लागते. काय वाजवायचं हे तिला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून बऱ्याचदा ती वर्णक्रमाने पहिलं जे असेल ते उचलते. २०१७ साली एका गृहस्थाने यावर उपाय म्हणून जवळजवळ दहा मिनिटांची निव्वळ शांतता 'गाणं' म्हणून विकायला काढली होती. नावाच्या सुरुवातीला 'ए' ची माळ लावली, म्हणजे यादीत तीच पहिली यावी. ती इतकी खपली की लोकप्रिय गाण्यांच्या यादीत जाऊन बसली. मला हे उशिरा कळलं. माझ्या फोनमध्ये वर्णक्रमाने पहिली असलेली ध्वनिफीत म्हणजे एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभासाठी मी घरी सरावाला केलेलं भाषण. फाइलला नाव 'आदरणीय'. त्यामुळे गेली दोन वर्षं मी गाडी चालू केली की चारही स्पीकरमधून माझाच आवाज गरजतो, "आदरणीय व्यासपीठ आणि उपस्थित बंधुभगिनींनो..."

पुसून टाका म्हणाल. पुसलं. ढगातून परत आलं.

घरातल्या सगळ्यांना ते भाषण तोंडपाठ आहे. "आज हे सांगताना ऊर भरून येतो" हे वाक्य आमच्या गल्लीच्या वळणावर येतं, आणि तिथे मुलगी मागून नेमाने उसासा टाकते.

आता हँड्स-फ्री. गाणं ऐकताना आवाज कसा खणखणीत असतो, आणि फोन आला रे आला की तोच माणूस पिंपात बसून बोलल्यासारखा का वाटतो, याचं मला कोडं होतं. ते नंतर उलगडलं. गाण्याची वाट वेगळी आणि बोलण्याची वेगळी. गाणं फक्त फोनकडून गाडीकडे जातं, एकेरी रस्ता, त्यामुळे ऐसपैस. बोलणं जाणार आणि येणार, तेही विनाविलंब. म्हणून मूळच्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला फक्त ८००० नमुने घेतात, म्हणजे जुन्या टेलिफोनइतकेच. नव्या गाड्यांत १६००० घेतात म्हणे. आमची गाडी साहेबांच्या काळातली.

त्यात माईक छतात, सन-व्हायझरच्या वर. तो माझं बोलणं सोडून सगळं ऐकतो. इंडिकेटर ऐकतो, वायपर ऐकतो, मागच्या ट्रकचा हॉर्न तर जीव लावून ऐकतो. ऑफिसातून वरिष्ठांचा फोन आला की पहिली तीन मिनिटं "आवाज येतोय का?" आणि "आता येतोय का?" यात जातात. चौथ्या मिनिटाला ते मूळ मुद्दा मांडतात आणि त्याच क्षणी गाडी मोठ्या आवाजात सांगते, "तीनशे मीटरवर डावीकडे वळा." एकदा त्यांनी विचारलं, "हे तुम्ही मला सांगताय का?"

एकदा वाटेत थांबलो, बोलणं लांबेल म्हणून फोन उचलला, दार लावलं आणि लांब जाऊन झाडाखाली उभा राहिलो. कानाशी शुकशुकाट. "हॅलो, हॅलो" करतोय तर मागे रिकामी गाडी बंद काचांआडून दणदणीत आवाजात म्हणत होती, "मग तुमच्या मते चूक कुणाची?" येणारे-जाणारे गाडीकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. मी झाडाकडे बघत राहिलो.

मेसेज वाचून दाखवायची सोय आहे, तिच्याबद्दल न बोललेलं बरं. बायको मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिते आणि ते वाचते एक विलायती बाई. 'कुठे आहेस' हे ती असं वाचते की मला दोन दिवस वाटत होतं, कुठलं तरी औषध आणायचं आहे.

पण खरा प्रसंग मागच्या महिन्यातला. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि गाडी बरोब्बर खिडकीखाली उभी असते. आमच्या फोनच्या ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटर. मी खाली आलो, गाडीत बसलो, किल्ली फिरवली. 'सर्चिंग फॉर साहेब'. साहेब नाहीत. पुढचा नंबर माझा असायला हवा होता, पण गाडीने त्या दिवशी मला ओलांडून थेट वर झेप घेतली. बायकोचा फोन जोडला गेला. आणि ती तेव्हा तिच्या बहिणीशी बोलत होती.

गाडीभर मेहुणीचा आवाज घुमला : "...नाही गं ताई, तू भाऊजींना बोलू नकोस काही. वाईट वाटेल त्यांना."

वरून खिडकीतून बायकोचा आवाज. "हॅलो? हॅलो? अगं, आवाजच येत नाहीये."

मी स्टिअरिंग धरून गोठलो. बोललो तर पकडला जाणार. गाडी बंद केली तर फोन परत वर जाणार आणि मला काय वाईट वाटणार होतं ते कळणार नाही. माणूस शेवटी माणूस आहे. मी श्वास रोखला.

"त्या दिवशी तुमच्या गाडीतून आले ना," मेहुणी सांगत होती, "तेव्हा ते भाषण लागलं. मला आधी वाटलं, कुणी वारलं की काय. आणि सांगू? 'ऊर भरून येतो'पाशी मला इतकं हसू आलं, की मी खोकल्याचं नाटक केलं. भाऊजींनी गाडी थांबवून पाणी दिलं मला."

दिलं होतं. मला तो खोकला चांगला आठवत होता. मी तेव्हा काचसुद्धा वर केली होती, बिचारीला वारा लागतोय म्हणून.

इतक्यात, बेल्ट लावला नव्हता म्हणून गाडीने टिंग टिंग सुरू केलं.

"ताई, हे काय वाजतंय? ताई? ऐकतेयस ना?"

मी बेल्ट ओढला. घाईत तो अडकला, आणि कोपर हॉर्नवर पडलं. हॉर्न खाली वाजला, वर वाजला आणि पिंपातून मेहुणीच्या कानातही वाजला. ती क्षणभर गप्प झाली. मग अत्यंत हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी?"

वर खिडकीत बायको आली. तिने हातातल्या फोनकडे पाहिलं, खाली गाडीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी काच खाली करून म्हणालो, "येतो गं."

त्या संतापात मी माझ्या फोनचं ब्लूटूथ कायमचं बंद करून टाकलं, आणि बायकोला तिच्या फोनचंही बंद करायला लावलं. नको ते गाणं आणि नको ते बोलणं. पुढचे चार दिवस गाडीत अशी शांतता होती की इंजिनाचा आवाज मला नव्याने आवडायला लागला. फक्त स्क्रीनवर ती बिचारी एकटीच, दिवसभर, 'सर्चिंग फॉर साहेब', 'सर्चिंग फॉर साहेब'. आता तर नाइलाजालासुद्धा कुणी उरलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सिग्नलला उभा होतो. तांबडा दिवा, नव्वद सेकंद. एकदम टुंग झालं. पण हे टुंग हिरमुसलेलं नव्हतं. स्क्रीनवर अक्षरं आली, जी मी आजवर कधी पाहिली नव्हती : 'साहेब कनेक्टेड'.

मी डावीकडे पाहिलं. फुटपाथवर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ उभे होते. नीटनेटका शर्ट, बगलेत कागदांची फाइल, फोन कानाला. बोलता बोलता ते थबकले. फोन कानापासून काढून त्यांनी पाहिला, झटकला आणि परत कानाला लावला. "हॅलो? हॅलो?" त्यांचे ओठ दिसत होते. मग त्यांची नजर गाडीकडे गेली, बॉनेटवरून नंबरप्लेटवर आली, आणि तिथेच थांबली.

आणि माझ्या चारही स्पीकरमधून एका बाईंचा वैतागलेला आवाज आला, "अहो, मी काय म्हणतेय? ऐकताय ना तुम्ही?"

सवयीने माझ्याच तोंडून निघालं, "हो, हो, ऐकतोय."