रंगाचा तक्ता काखेशी जुळवा, मनगटाशी नाही

वटपौर्णिमा झाली. नवरात्राला तीन-साडेतीन महिने आहेत, म्हणून घरच्या घरी काखेतले केस काढायच्या मशीनबद्दल आत्ताच लिहितेय.

मागच्या वर्षी घटस्थापनेच्या आठ दिवस आधी माझी भाची बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली, ती हात अंगापासून लांब धरूनच. "मावशी, जरा बघ ना." दोन्ही काखांत लाल चौकोन, कडा अगदी सरळ. मशीनच्या काचेच्या मापाचे! मैत्रिणीकडून आयपीएलचं, म्हणजे प्रकाशाच्या झोताने केस काढायचं मशीन आणलेलं, बिनबाह्यांची चोळी शिवून तयार, हाताशी दिवस थोडे. मग सगळ्यात वरची लेव्हल लावून एकेका जागी दोन-दोन फ्लॅश.

पोरीने पुस्तिका वाचली होती, हे मला फार लागलं. त्वचेच्या रंगाचा तक्ता तिने जुळवला, पण मनगटाशी. केसातलं मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य, प्रकाश शोषतं, त्याची उष्णता होते आणि मुळाला चटका बसतो. मशीन चालतं ते एवढ्यावरच. तेच मेलॅनिन कातडीतही असतं. आपल्या बायकांची काख घर्षणाने, रेझरने हातापेक्षा सावळी झालेली असते. मनगटाला सोसेल तो प्रकाश तिथे कातडीच भाजतो.

गार पाणी धरलं, स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. लाली गेली, तपकिरी डाग होळीपर्यंत राहिले. चोळीला शिंप्याकडून बाह्या लावून घेतल्या.

घाई इथे उपयोगाचीच नाही. वाढीच्या टप्प्यातल्या केसांवरच प्रकाशाचा परिणाम होतो, म्हणून मशीनप्रमाणे सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी असा बरेच आठवडे वापर लागतो. आधी रेझरच फिरवायचा. वॅक्सिंगने मूळच उपटलं तर प्रकाश पोचणार कुठे? काख धुऊन कोरडी, डिओडरंट अजिबात नको. हात डोक्यामागे घ्या म्हणजे कातडी ताणली जाते आणि काच सपाट बसते. सगळ्यात खालच्या लेव्हलवर कडेला एक फ्लॅश मारून पूर्ण दिवस थांबा. काही झालं नाही तरच पुढे, आणि एका जागी एकदाच. तीळ, टॅटू सोडून. नंतरही दिवसभर डिओडरंट नको, सैल सुती कपडे घाला.

गरोदर असाल तर नकोच. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीनला हात लावू नका. आणि काखेची कातडी काळी, जाड, मखमलीसारखी झाली असेल तर ते नुसतं काळवंडणं नसतं. बऱ्याचदा मूळ इन्सुलिनच्या गडबडीत असतं. आधी साखर तपासा, केसांचं नंतर बघू.

परवा भाची पुन्हा आली. खिडकीपाशी उजेडात तिला हात वर करायला लावला आणि तक्ता काखेलाच लावला. मनगटापेक्षा दोन घरं गडद, 'वापरू नये' लिहिलेल्या घरात. मशीन त्याच संध्याकाळी मैत्रिणीला परत गेलं, येताना आम्ही मंगळबाजारातून नवा रेझर घेतला.