अध्यक्ष होऊ नका, विशेष सल्लागार व्हा

फुटबॉल संघटना चालवायची हौस असेल तर मोठ्या देशाच्या वाटेला जाऊ नका. तिथे माणसं फार, चौकशा फार, आणि एवढा खटाटोप करून फिफाच्या निवडणुकीत हाती लागतं ते मत एकच. ब्राझीलला एक, जर्मनीला एक आणि ज्वालामुखीने निम्मं गिळलेल्या, पाचेक हजार वस्तीच्या माँटसेराटलाही एकच. अख्ख्या दक्षिण अमेरिकेची मिळून मतं 10. कॅरिबियन बेटांची 25. फुटबॉल जास्त कुठे खेळतात, हा प्रश्न इथे विचारायचा नसतो.

तेव्हा बेट घ्या. कोणतं, याची शोधाशोध नको. त्रिनिदाद आणि टोबॅगोने कित्ता घालून ठेवलाय, तोच गिरवा. पोर्ट ऑफ स्पेन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे 1971चा गावसकर उभा राहतो. त्याला जरा बाजूला सरकवा आणि इतिहासाच्या एका मास्तरांना जागा करून द्या. नाव जॅक वॉर्नर.

मास्तरांनी 1970च्या दशकात बेटावरच्या संघटनेचं सचिवपद घेतलं. सचिवपद म्हटलं की लोक नाकं मुरडतात. पत्रं लिहा, मैदानाचं भाडं भरा, इतिवृत्त टंका, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजा. तुम्ही मुरडू नका. अध्यक्षाच्या गळ्यात हार पडतात, पण शिक्का सचिवाकडे असतो. आणि तिकिटांची छपाईही.

तिकिटांचा विषय निघालाच आहे तर 19 नोव्हेंबर 1989 बघा. इटलीतल्या विश्वचषकाला जायला त्रिनिदादला अमेरिकेविरुद्ध फक्त बरोबरी हवी होती, तीही घरच्या मैदानावर. सगळं बेट लाल कपड्यांत. स्टेडियममध्ये जागा साधारण 28,500, आणि तिकिटं? हातात तिकीट असलेली माणसं फाटकाबाहेर ताटकळत राहिली, यावरून काय तो हिशेब करा. पुढे यावर चौकशी झाली. मैदानात अमेरिकेच्या पॉल कॅलिजुरीने लांबूनच एक गोल मारला आणि तेवढ्यावर सामना संपला. हरल्यावरही प्रेक्षकांनी इतका सभ्यपणा दाखवला की फिफाने त्या वर्षीचा खिलाडूवृत्तीचा पुरस्कार थेट त्यांनाच दिला. असे प्रेक्षक मिळणं ही तुमची खरी पुंजी. पुढची तीस वर्षं यांच्या सभ्यपणावर निघतात.

दुसऱ्याच वर्षी, 1990 साली, मास्तर उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या महासंघाचे, म्हणजे कॉनकॅकॅफचे अध्यक्ष झाले. 1997 मध्ये फिफाचे उपाध्यक्ष. संघ हरला, सचिव वर गेला. यात विसंगती दिसत असेल तर तुम्ही अजून खेळाडूच्या नजरेने बघताय. ती सवय मोडा.

आता जमीन. मोठ्या साहेबांच्या नावाने काहीतरी बांधायला काढा, निधीला नाही म्हणणं त्यांना जड जातं. मास्तरांनी फिफाचे तेव्हाचे सर्वेसर्वा जोआव हॅवेलांज यांच्या नावाने माकोयाला उत्कृष्टता केंद्र उभारलं. मैदानं, हॉटेल, पोहण्याचा तलाव, समारंभाची दालनं. कॅरिबियनच्या पोरांनी तिथे फुटबॉल शिकावा ही कल्पना, आणि पोरं नसतील त्या दिवशी मंगल कार्यालय म्हणून द्यायला सोयीचं. फिफाकडून या केंद्रासाठी सुमारे 2 कोटी 60 लाख डॉलर गेले, असं कॉनकॅकॅफच्याच चौकशी समितीने 2013 साली लिहिलं. समितीचे प्रमुख सर डेव्हिड सिमन्स, बार्बाडोसचे माजी सरन्यायाधीश. त्यांनी आपल्याकडचा कोणताही तलाठी पहिल्या दिवशी विचारेल तो प्रश्न विचारला: सातबारा कोणाच्या नावावर? निघाला मास्तरांच्या कंपन्यांच्या नावावर. त्यातल्या एका कंपनीचं नाव रेनरॉ. वॉर्नरची इंग्रजी अक्षरं उलटीकडून लिहून बघा. मी कागदावर लिहून बघितली आणि दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. सतरा-अठरा वर्षं ते नाव कागदोपत्री होतं, आणि कोणाला उलटीकडून वाचायची बुद्धी झाली नाही!

(सावधगिरीची टीप: वॉर्नर यांनी त्यांच्यावरचे सगळे आरोप फेटाळलेत आणि फौजदारी खटल्यात ते दोषी ठरलेले नाहीत. अशी वाक्यं कंसात टाकायची सवय तुम्हीही लावून घ्या, तुमच्या चरित्रकाराला लागतील.)

एव्हाना तुम्हाला अध्यक्ष व्हावंसं वाटू लागलं असेल. नको. अध्यक्षाला सही करावी लागते. 2006 मध्ये त्रिनिदादच्या महासंघात मास्तरांचं पद होतं विशेष सल्लागार. किती गोड शब्द आहे. जबाबदारी सल्ल्यापुरती, वजन विशेष.

आणि त्या वर्षी संघ खरंच विश्वचषकाला गेला! तोवर पोहोचलेल्या देशांत सगळ्यात छोटा, वस्ती जेमतेम 13 लाख. मनामात बहरीनविरुद्ध डेनिस लॉरेन्सने डोक्याने मारलेल्या गोलवर ते जर्मनीत पोहोचले. डॉर्टमुंडला पहिला सामना स्वीडनशी. दुसरा अर्धा सुरू होतो न होतो तोच एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. उरलेले दहा जण, मागे गोलरक्षक शाका हिस्लॉप, समोर इब्राहिमोविच आणि लार्सन. निकाल 0-0. बेटावर रात्रभर स्टीलपॅन वाजली असणार. एवढा एक परिच्छेद मी सल्ला न देता लिहिला, माफ करा.

तर खेळाडूंना उत्पन्नातला निम्मा वाटा कबूल केलेला होता. घरी परतल्यावर महासंघाने ताळेबंद मांडला. खर्च वजा जाता प्रत्येकी वाटा आला 5,644 त्रिनिदाद डॉलर, म्हणजे अमेरिकन नऊशेच्या आसपास. इथे बारकाईने शिका. आकडा गोल ठेवायचा नाही. पाच हजार म्हटलं की माणूस भांडतो. 5,644 म्हटलं की त्याला वाटतं, कोणीतरी रात्र जागून बेरीज केलीय. तरी बरेच जण भांडलेच. त्यांना संघाची दारं बंद झाली. 2008 मध्ये लंडनच्या लवादाने खेळाडूंची बाजू उचलून धरली, तरी पैसे हलेनात, आणि शेवटी 2012 मध्ये बेलिफ महासंघाच्या कार्यालयात जाऊन सामान उचलून घेऊन आले. विश्वचषकाला गेलेल्या संघटनेवर टेबल-खुर्च्यांची जप्ती! मास्तर तोवर फुटबॉलमधून मोकळे झाले होते. म्हणून म्हटलं, सल्लागार व्हा. जप्ती नेहमी कार्यालयावर येते.

मोकळे कसे झाले तेही सांगतो, कारण पाकिटाचं शास्त्र त्यातच आहे. मे 2011, पोर्ट ऑफ स्पेनमधलं हयात हॉटेल. फिफाच्या अध्यक्षपदाचे उमेदवार, कतारचे मोहम्मद बिन हम्माम कॅरिबियनच्या प्रतिनिधींना भेटायला आलेले. भाषण झालं. मग प्रतिनिधींना एकेकटं एका खोलीत बोलावलं, आणि प्रत्येकाला खाकी पाकीट. आत 40,000 डॉलर, शंभराच्या नोटांत. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सभेत समजावलं की पाहुणे चांदीच्या भेटवस्तू आणणार होते, मीच म्हटलं, तेवढ्याचे पैसे आणा. आयजीच्या जिवावर बायजी उदार. आणि ज्यांना आपण फार पवित्र आहोत असं वाटतं त्यांनी देवळाची, म्हणजे त्यांच्याकडच्या चर्चची, वाट धरावी असंही सुनावलं. कोणीतरी हे सगळं चित्रित करत होतं.

पण पाकीट फुटलं ते त्याआधीच. बहामाच्या एका पदाधिकाऱ्याने नोटा मोजल्या, फोटो काढला, आपल्या अध्यक्षांना कळवलं आणि पाकीट परत केलं. सगळ्या यंत्रणेत एक प्रामाणिक माणूस आणि एक मोबाईल, एवढी मोठी त्रुटी राहून गेली. तुम्ही पाकिटाआधी मोबाईल जमा करून घ्या, आपल्या परीक्षा केंद्रांवर करतात तसे. पुढच्या महिन्यात मास्तरांनी राजीनामा दिला आणि फिफाने त्यांच्याविरुद्धचं प्रकरण मिटवून टाकलं: निर्दोष असल्याचं गृहीतक कायम. सुंठेवाचून खोकला गेला.

राजीनाम्यानंतर काय? लोकांत जा. मास्तर तोवर मंत्रीही होते. 2013 मध्ये सिमन्स समितीचा अहवाल आला, मंत्रिपद गेलं, खासदारकीही सोडली. मग स्वतःचा पक्ष काढला आणि चग्वानास वेस्टच्या त्याच जागेवर पोटनिवडणूक लढवून तीन महिन्यांत दणक्यात परत आले. अहवाल वाचणारे आणि मतदान करणारे हे दोन वेगळे समाज आहेत, हे तुम्हाला मी काय सांगणार.

वारशाची चिंता करू नका. 2014च्या ऑक्टोबरमध्ये त्रिनिदादचा महिला संघ पात्रता फेरीला अमेरिकेत उतरला तेव्हा सगळ्यांचा मिळून खर्चाला होते 500 डॉलर. प्रशिक्षकाने ट्विटरवर हात पसरले. हैतीच्या मुलींनी, स्वतः वर्गणी काढून आलेल्या, आपल्याकडचे तेराशे डॉलर यांना देऊ केले. 2020 साली कर्ज इतकं वाढलेलं होतं की निवडून आलेल्या नव्या मंडळाला फिफाने चार महिन्यांत नारळ दिला आणि आपली समिती बसवली. मंडळ देशाच्या न्यायालयात गेलं, तर फिफाने देशच निलंबित केला. सतरा-अठरा वर्षं उलटीकडून नाव न वाचणाऱ्या फिफाचे डोळे कोर्टाची पायरी दिसताच लख्ख उघडतात. आपल्यालाही 2022च्या ऑगस्टमध्ये याची चव मिळाली; तिसऱ्याचा हस्तक्षेप म्हणून भारत निलंबित, आणि नवी मुंबई-गोव्यात व्हायचा मुलींचा विश्वचषक अकरा-बारा दिवस टांगणीला. तेव्हा लक्षात ठेवा, तुमच्या गडाची तटबंदी फिफाच बांधून देते.

मास्तरांवर अमेरिकेने 2015 मध्ये आरोपपत्र ठेवलं, फिफाने आजन्म बंदी घातली, प्रत्यार्पणाची लढाई लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्रिनिदादच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, जाऊन आली, आणि दहा वर्षांनी, 2025 मध्ये, पोर्ट ऑफ स्पेनच्याच न्यायालयाने ती कारवाई थांबवली. चिकाटी लागते.

राहिली एक बारीकशी सूचना. आरोपपत्रानंतर चारच दिवसांनी मास्तरांनी एक व्हिडिओ टाकला. हातात छापील कागद, चेहऱ्यावर आता सापडलात असा भाव. फिफा इतकी वाईट, तर मग अमेरिका हा विश्वचषक घेते कशी? कागदावर बातमी होती की घाबरलेल्या फिफाने 2015चा उन्हाळी विश्वचषक तातडीने अमेरिकेला देऊन टाकलाय. बातमी द ऑनियनची, म्हणजे चेष्टेच्या बातम्या छापणाऱ्या अमेरिकन प्रकाशनाची. व्हिडिओ लगेच काढून घ्यावा लागला.

तेव्हा हा लेख आवडला तर खुशाल छापून जवळ ठेवा. फक्त कॅमेऱ्यासमोर फडकवण्याआधी एकदा कोणाला तरी वाचायला द्या.