१६५ मतांचं कोल्हापूर

रविवारी मामेभावाशी फोनवर वाजलं. दादा शिवाजी पेठेतला. म्हणाला, "ज्यानं खुर्चीवर बसून कायदाच फिरवलाय, त्यो मतदानानं जातोय व्हय? समदा देखावा." फोन ठेवला तरी ते डोक्यातून जाईना.

हे कोल्हापूरकरानं म्हणावं? २५ जून १९७५ला आणीबाणी लागली. विरोधक तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, लोकसभेची मुदतही वाढवलेली. मार्च १९७७मध्ये मतदान झालं, इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत हरल्या आणि पायउतार झाल्या. २४ मार्चला मोरारजींनी शपथ घेतली. त्या निवडणुकीत देशातलं सगळ्यात कमी मताधिक्य आपल्या कोल्हापुरात होतं: शेकापचे दाजीबा देसाई १६५ मतांनी निवडून आले. दादा, पेठेतल्या एका तालमीची पोरं मोज.

इथं पोलंडात, व्रोत्सवाफला मी तेच पाहिलं. सत्तेतल्या लॉ अँड जस्टिस पक्षानं आठ वर्षांत घटना न्यायालयात आपली माणसं बसवली, सरकारी टीव्ही आपल्या दावणीला बांधला. १५ ऑक्टोबर २०२३ला ७४ टक्के लोक मतदानाला गेले. शहरातल्या यागोद्नो वस्तीत पहाटे तीनच्या सुमारापर्यंत रांग होती, लोकांना पिझ्झे पोचवले जात होते, रांग मोडली नाही. १३ डिसेंबरला विरोधी नेते टुस्क यांच्या सरकारनं शपथ घेतली. न्यायालयांची घडी मात्र लगेच बसली नाही. राष्ट्राध्यक्षांच्या सहीपाशी कायदे अडत राहिले. आपल्याकडंही ४४वी घटनादुरुस्ती व्हायला १९७८ उजाडलं. तेव्हा कुठं 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचं कारण जाऊन तिथं 'सशस्त्र बंड' आलं. मत दिलं की माणूस बदलतो, मोडलेलं नीट करायला त्यानंतर खपावं लागतं.

एवढं सगळं दादाला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "तू शेवटचं मत कवा दिलंस?"

यागोद्नोच्या त्या रांगेत मी नव्हतो, फुटपाथवर उभा होतो. इथला नागरिक नाही. महायुद्धात वळिवड्याच्या छावणीत हजारो पोलिश लोकांना आसरा मिळाला, म्हणून कोल्हापूरचं नाव काढलं की इथली काही म्हातारी माणसं अजून हात हातात घेतात. मतपत्रिका त्यानं मिळत नाही. आणि कोल्हापूरच्या यादीत नाव असलं तरी परदेशातल्या मतदाराला केंद्रावर स्वतः जावं लागतं. २०१९ला रजा नव्हती. २०२४ला होती, तरी गेलो नाही.

७ मे २०२४ला दादानं मात्र सकाळीच फोटो पाठवला होता. शाई लावलेलं बोट, मागं शाळेचा व्हरांडा आणि उन्हात उभी असलेली मामी.