लग्नाला जाताय? मग नवरीची गय करू नका

लग्नाची पत्रिका मोबाईलवर आली की सगळी वाचत बसू नका. चि. कोण आणि चि. सौ. कां. कोण, हे स्टेजच्या मागे फुलांत लिहिलेलं असतं, तिथे गेल्यावर कळेल. पत्रिकेत बघायचा तो ड्रेसकोड. मेंदीला हिरवा, हळदीला पिवळा, लग्नाला पेस्टल. पूर्वी हळदीला बायका जुनेर नेसून जात, कारण हळदीचा डाग जात नाही. तुम्ही मात्र नवाकोरा पिवळा ड्रेस घ्या आणि कुणी हळदीची वाटी घेऊन येताना दिसलं की पळत सुटा.

मुख्य लग्नाला अर्थातच पैठणी. मागच्या लग्नातली चालणार नाही, कारण त्या लग्नातले तुमचे फोटो फॅमिली ग्रुपवर आहेत आणि तिथल्या बायकांची स्मरणशक्ती कोर्टात पुरावा म्हणून चालेल अशी असते. नवी घ्या. घेतली कुठूनही तरी 'येवल्याची' म्हणा. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण तुमच्या अंगावरची पैठणी त्यात बसते की नाही, हे कार्यालयातली एक आत्या ठरवते. तिची पद्धत ठरलेली आहे. "कित्ती गोड दिसतेस गं!" म्हणत जवळ यायचं, पदर हातात घ्यायचा आणि बोलता बोलता उलटा करायचा. हातमागावरच्या अस्सल पैठणीच्या पदरावरचा मोर उलट्या बाजूनेही मोरच असतो, कारण रंगीत रेशीम एकमेकांत गुंतवत विणलेलं असतं. यंत्रमागावरच्या सेमी पैठणीत मागे नुसते धागे लोंबतात. आत्या काही बोलत नाही. फक्त "छान आहे हो" म्हणते, आणि त्या 'हो'मध्ये सगळं येतं.

यावर उपाय आहे. पदराला मागून जाळी लावून घ्या. कुणी विचारलंच तर "जरीचे धागे अडकू नयेत म्हणून" असं सांगा. अस्सल पैठणीवाल्यासुद्धा हेच सांगतात, त्यामुळे संशयाचा फायदा तुम्हाला मिळतो. किंमत विचारली तर आकड्यात शिरू नका. "येवल्यात आमच्या ओळखीचे एक विणकर आहेत" एवढं बोलून गालात हसा. महाराष्ट्रातल्या दर घरटी येवल्यात एक ओळखीचा विणकर असतो. तरी ते गाव एवढंसं कसं राहिलं, देव जाणे.

ब्लाउज शिवायला टाकताना टेलरला उगाच घाई करू नका. तो "उद्या नक्की" म्हणेल आणि लग्नाच्या सकाळी हुकांशिवाय देईल. सेफ्टी पिना असतातच. नऊवारी नेसता येत नसेल तरी अडत नाही, शिवलेली मिळते; पाय घालायचे, नाडी बांधायची, झालं. वर क्लिपची नथ. ती पहिल्या पंगतीत मठ्ठ्यात पडते, म्हणून जेवायचंच नाही. तसंही त्या ब्लाउजमध्ये मसालेभाताला जागा नसते.

पुरुषांनी मखमली शेरवानी घ्यावी. विशेषतः लग्न अकोल्यात असेल, मे महिन्यात असेल, पारा 44 वर असेल आणि कार्यालयात एसीच्या जागी भिंतीवर पंखे असतील, तर मखमलीला पर्याय नाही. अक्षता पडेपर्यंत तुम्ही नवरदेवापेक्षा जास्त भिजलेले असाल, आणि लोकांना वाटेल, किती जीव आहे याचा त्या पोरावर! दारात फेटे बांधणारा बसलेला असतो. त्याचे फेटे खरं तर वरपक्षातल्या जवळच्यांसाठी असतात. निमूट रांगेत उभे राहा. डोक्यावर फेटा चढला की तुम्ही कोण, हे कुणी विचारत नाही. उलट दोन-चार जण वाकून नमस्कार करतात. तोही स्वीकारा.

पायात कोल्हापुरी. 2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये तसलीच चप्पल दिसली आणि आपल्याकडे केवढा गहजब झाला, तेव्हापासून ती घालायला लाज वाटेनाशी झाली. त्याआधी ती घालणाऱ्या काकांना आपण 'गावाकडचे' म्हणत होतो, पण ते असो.

आता वेळेचं. मुहूर्त 12 वाजून 23 मिनिटांचा असेल तर एकच्या सुमाराला पोचा. मंगलाष्टकांच्या वेळी सगळे अंतरपाटाकडे बघत असतात, तेव्हा आत शिरून एवढी पैठणी वाया घालवण्यात अर्थ नाही. अक्षता टाकून हात रिकामे झाले की माना वळतात. तेव्हा या, आणि मधल्या वाटेने या. कडेच्या वाटेने येतात ते जेवायला आलेले.

स्टेजवर फोटोच्या रांगेत नवरीच्या अगदी शेजारी उभे राहू नका. तिची पैठणी अस्सल असू शकते. तुम्ही नवरदेवाच्या आईशेजारी उभे राहा. ती पहाटेपासून उभी आहे, तिच्या अंबाड्यातला गजरा सुकलाय, फोटोत तुम्ही उठून दिसाल. फोटोग्राफर "वहिनी, जरा मागे" म्हणेल. ऐकू नका.

राहता राहिला आहेर. कपडे, दागिने, मेकअपवाली आणि फेशियल एवढं झाल्यावर पाकिटात घालायला काही उरलेलं नसतं, हे मान्य. पण पत्रिका एकदा नीट बघा, शेवटच्या ओळीत बहुधा छापलेलं असतं: 'आपली उपस्थिती हाच आहेर.' आणि तुमच्याएवढी भरगच्च उपस्थिती त्या कार्यालयात दुसऱ्या कुणाची होती?